शास्त्र उघडण्याआधी

आमची वसाहत पाडायला घेतली आहे असं कळलं, म्हणून मी गुरुग्रामहून मेट्रो पकडली आणि दुपारी दक्षिण दिल्लीत उतरले. ऑक्टोबर संपत आला होता आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना सातवीण फुललेली होती. दिल्लीतल्या लोकांना हा वास एक तर फार आवडतो, नाही तर त्यानं डोकं उठतं. माझा धाकटा भाऊ संजू याच वासाच्या दिवसांत गेला.

फाटकाला निळे पत्रे ठोकले होते. चौकीदार म्हणाला, "मैडम, अंदर कुछ नहीं है. सब खाली है."

"मुझे पता है," मी म्हटलं आणि त्याच्या शेजारून आत गेले.

सरकारी क्वार्टर. दोन खोल्या, अरुंद स्वयंपाकघर आणि मागं विटांचं छोटं अंगण. दारं काढून नेली होती. खिडकीत जिथं कूलर बसवलेला असायचा, तिथं गंजाचा चौकोन राहिला होता. अंगणातलं झाड तेवढं उभं होतं. आई त्याला तुती म्हणायची, आम्ही पोरं शहतूत म्हणायचो. एप्रिलमध्ये त्याखाली विटा जांभळ्या व्हायच्या आणि आमच्या टाचाही.

मी विटांवरच बसले. आई गेल्या जानेवारीत गेली, आणि तेव्हापासून मी एकदाही शास्त्र उघडलेलं नव्हतं. बायबलला आमच्या घरात शास्त्रच म्हणायचे. दहा महिने. चर्चमधल्या एका उत्साही माणसानं मला फोनवर एक यादीही पाठवली होती: शांत जागा निवडा, दीर्घ श्वास घ्या, मनातले नकारात्मक विचार बाजूला ठेवा, मग वाचायला बसा. मी ती वाचली आणि फोन उलटा ठेवला. नकारात्मक विचार बाजूला ठेवल्यावर माझ्यात उरलं काय असतं, हे त्या भल्या माणसाला विचारावं असं वाटलं होतं.

आई अशी कधी वाचायला बसली नाही.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. पप्पा एका सरकारी कार्यालयात कामाला होते आणि आई एका मंत्रालयात टेलिफोन ऑपरेटर. दिवसभर कानाला हेडफोन लावून ती लोकांना लोकांशी जोडून द्यायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा कानामागं लाल वळ असायचा. पण सकाळ तिची होती. उजाडता उजाडता ती अंगणात यायची. केस विंचरलेले, हाताला साबणाचा वास, पायांत काही नाही. वेताच्या मूढ्यावर बसायची आणि शास्त्र मांडीवर घ्यायची. त्याला उशीच्या जुन्या अभ्र्याचं पांढरं कव्हर होतं. शनिवारी ते धुतलं जाई आणि दोरीवर आमच्या मोज्यांशेजारी वाळत असे.

थंडीत शेजारच्यांची कोळशाची अंगीठी पेटत असायची. तिचा धूर भिंतीवरून आमच्याकडे उतरायचा आणि धुक्यात मिसळायचा. मे महिन्यात उजाडतानाच विटा कोमट असत आणि रात्रभर चाललेल्या कूलरच्या ओल्या खसचा, म्हणजे वाळ्याचा, वास घरातून अंगणापर्यंत येई. ऋतू कुठलाही असो, पुस्तक लगेच उघडायचं नाही हा आईचा नियम होता. ती एक हात माझ्या पाठीवर ठेवायची, एक संजूच्या.

"हं, सांगा."

"काय सांगू?"

"मनात काय आहे ते. आधी ते बाहेर काढायचं. मनात एक ठेवून तोंडानं दुसरं वाचायचं नाही."

मग आम्ही सांगायचो. माझं बहुतेक शाळेचं असे: भूगोलाची परीक्षा, शेजारच्या बाकावरची मुलगी बोलत नाही. संजूचं काही विचारू नका. एकदा तो म्हणाला, "मला देवाचा राग आलाय. काल मॅच होती आणि त्यानं पाऊस पाडला."

मला वाटलं, आता बसणार फटका.

"त्याला सांगितलंस का?" आईनं विचारलं.

"आत्ता सांगितलं ना."

"बरं झालं. आता उघडू."

आतून दाढी करता करता पप्पा ओरडले, "पोरांना देवावर रागवायला शिकवतेस का?"

"खोटं बोलायला शिकवत नाही, एवढंच," आई म्हणाली आणि तिनं पान उघडलं.

संजू अकरा वर्षांचा होता. तीन दिवसांत गेला. कशानं, ते मी लिहीत नाही; आईही कधी कुणाला सांगत बसली नाही. दफनभूमीत सातविणीची दोन उंच झाडं होती. दिल्लीत आमची मराठी ख्रिस्ती घरं पंचवीस-तीस असतील. ती सगळी आली. पेटी उचलायला चार पुरुष पुढं झाले, पण ती दोघांनाही जड नव्हती. साळवेकाका पुढं होते. ते मंडळीचे पंच, म्हणजे चर्चच्या कारभारातले वडीलधारे. सडसडीत, शिस्तीचे, कायम इस्त्रीच्या शर्टातले. पप्पा कोलमडले तेव्हा त्यांनीच त्यांना धरलं. हे मी विसरलेले नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आई अंगणात मूढ्यावर दिसली. केस विंचरलेले. शास्त्र मांडीवर. मी जाऊन तिच्याजवळ बसले आणि वाट पाहिली. पण तिनं पुस्तक उघडलं नाही. दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा ती उठली, पुस्तक फळीवर ठेवलं आणि कामाला लागली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. धुकं असं उतरलं की अंगणाची भिंत दिसेना. ती शाल पांघरून बसायची, हात त्या पांढऱ्या कव्हरवर. कधी नुसती बसायची, कधी हळू आवाजात बोलायची.

एकदा मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकलं. मंत्रालयातल्या बायका थंडीत जेवणाच्या सुट्टीत हिरवळीवर उन्हात बसून विणायच्या. तशीच आईही विणायची. संजूसाठी तिनं निळा स्वेटर विणला होता.

"दोन नंबर मोठा विणला मी," ती म्हणत होती. "दोन वर्षं पुरावा म्हणून. तू बघत होतास ना मी टाके मोजत होते तेव्हा? तेव्हाच सांगायचंस."

त्या आवाजात रडणं नव्हतं. दुकानदारानं फसवलं तर ती ज्या आवाजात बोलायची, तो आवाज होता.

आमची उपासना रविवारी दुपारी तीनला असायची, कारण सकाळी त्या हॉलमध्ये हिंदी मंडळी भरत असे. त्याआधी साळवेकाका आम्हा मोठ्या मुलांचा वर्ग घ्यायचे. डिसेंबरातल्या एका रविवारी त्यांनी विचारलं, "घरी रोज शास्त्र कोण वाचतं?" सगळ्यांचे हात वर. माझा खालीच. "का गं? तुमच्याकडे तर रोज वाचन असतं."

"आई आता वाचत नाही," मी म्हटलं. "नुसती बसते. देवाशी भांडते."

वर्गात कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. तेवढ्यात मला कळलं की मी काहीतरी बाहेर सांडलं आहे आणि ते आता भरून घेता येणार नाही.

जानेवारीत ते घरी आले. सोबत मंडळीतले आणखी एक गृहस्थ आणि साळवेकाकू. काकू गोल चेहऱ्याच्या, गोड गळ्याच्या. उपासनेत प्रत्येक गीत त्याच सुरू करायच्या. त्या दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि चहाचा कप दोन्ही हातांत धरून राहिल्या.

"सुशीलाबाई," काकांनी सुरुवात केली, "शास्त्रापुढे बसायचं तर मन शुद्ध करून बसावं. कडवटपणा घेऊन नाही."

"भाऊ, मी रोज सकाळी तेच करते," आई म्हणाली. "मनात आहे ते बाहेर काढते. अजून संपलेलं नाही."

"तीन महिने झाले."

"अकरा वर्षं होता तो माझ्याजवळ. तीन महिन्यांत कसं संपेल?"

"देवावर राग धरणं पाप आहे."

"आणि राग असून नाही म्हणणं? ते पुण्य आहे का?"

पप्पा म्हणाले, "सुशीला." आईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

काकांचा आवाज चढला नाही, पण घट्ट झाला. दर शनिवारी दुपारी आमच्या घरी बायकांची प्रार्थना भरायची आणि ती आई चालवायची. ते म्हणाले, "तुमच्या मनाची तयारी होत नाही तोवर ही प्रार्थना या घरात नको. आम्ही दुसरीकडे ठेवतो."

"ठेवा. मी इथंच बसलेली असते. माझं ज्याच्याशी भांडण आहे, त्याला हा पत्ता माहीत आहे."

ते गेल्यावर पप्पा बराच वेळ बूट न काढता बसून राहिले. मग म्हणाले, "दिल्लीत आपलं आहे कोण? हीच पंचवीस घरं. यांनीच खांदा दिला ना संजूला?"

"दिला. मरेपर्यंत उपकार मानीन," आई म्हणाली. "पण खांदा दिला म्हणून माझी जीभ त्यांच्या हाती दिली का?"

त्या रविवारपासून ते चर्चमध्ये आमच्याबरोबर बसायचे, पण उपासना संपली की एकटेच बाहेर जाऊन फाटकाशी उभे राहायचे. बायका आईला सलाम करायच्या आणि पुढं सरकायच्या. शनिवारी दुपारी आमचं घर इतकं शांत असायचं की कॅलेंडरचं पान हललेलं ऐकू यायचं. सतरंजी गुंडाळून पलंगाखाली गेली. दहा कप धुऊन वरच्या फळीवर गेले.

हे सगळं माझ्या एका वाक्यानं झालं होतं. फेब्रुवारीत एका सकाळी मी ते आईला सांगून टाकलं. मी म्हटलं, "काकांना मीच सांगितलं. तू भांडतेस म्हणून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "खरं तेच सांगितलंस ना?"

"हो."

"मग रडतेस कशाला? हे बघ, हेही आता बाहेर निघालं." आणि तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, पुस्तकाच्या शेजारी. कव्हरला उन्हाचा वास येत होता.

मार्चमध्ये सावरी फुलली. रस्त्यावर तिची जाडजूड लाल फुलं थप्पकन पडायची आणि बसखाली चिरडली जायची. अशाच एका शनिवारी, बरोबर तीन वाजता, दारावर टकटक झाली. साळवेकाकू. एकट्याच.

आई म्हणाली, "या वहिनी. प्रार्थना इथं नसते आता."

"माहीत आहे. मी प्रार्थनेला नाही आले. मला बसायचंय. तू बसतेस तसं."

आईनं मूढा पुढं केला. काकू बसल्या, पदर सारखा केला, आणि माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. "माझी पहिली मुलगी होती. आम्ही दौंडला होतो तेव्हा. मार्था नाव ठेवलं होतं. नऊ महिन्यांची झाली होती, बसायला लागली होती. गेली. तिसऱ्या दिवशी रविवार होता. हे म्हणाले, गीत सुरू कर, लोकांना धीर येईल. मी केलं. तेव्हापासून करतेच आहे."

"किती वर्षं झाली?"

"बावीस."

"मग बरंच बोलायचं असेल," आई म्हणाली. "मी दार लावते."

तिनं मला बाहेर पाठवलं. मी अंगणाच्या भिंतीपलीकडे, गल्लीत उभी राहिले. शब्द ऐकू येत नव्हते. आधी काहीच नव्हतं. मग एक आवाज आला, आणि तो त्या गोड गळ्याचा आहे हे मला पटायला वेळ लागला. खरखरीत, फाटका, खालून वर येणारा. गल्लीतली एक सरदारीण कपडे वाळत घालता घालता थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि आपल्या घराचं दार हळूच ओढून घेतलं. किती वेळ गेला कळलं नाही. मला आत बोलावलं तेव्हा दोघी चहा पीत होत्या आणि काकूंचे डोळे सुजलेले होते. त्या बिस्किटाचा तुकडा चहात बुडवत होत्या, लहान मूल बुडवतं तसा, पूर्ण लक्ष देऊन.

दुसऱ्या दिवशी उपासनेला काका नेहमीसारखे उभे राहिले. गीताचा क्रमांक सांगितला आणि काकूंकडे पाहिलं. आम्ही सगळे श्वास भरून तयार होतो. काकू उभ्या राहिल्या.

"आज मी गाणार नाही," त्या म्हणाल्या. "आज मार्थासाठी मी नुसती बसणार आहे."

आणि बसल्या.

त्या हॉलमध्ये आई आणि मी सोडून कुणालाच मार्था माहीत नव्हती. फक्त आणखी एका माणसाला होती, आणि तो गीतांचं पुस्तक उघडं धरून सगळ्यांसमोर उभा होता. पंखे बंद होते. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. आई शेवटच्या बाकावरून उठली. आमच्या चपला दाराशी असायच्या, त्यामुळे तिच्या पावलांचा आवाज झाला नाही. ती मधल्या वाटेनं पुढं गेली आणि काकूंच्या शेजारी जाऊन बसली. मग आणखी एक बाई उठली. मग दोघी. मला वाटलं होतं, काका काहीतरी बोलतील, शिस्तीवर आणतील. त्यांनी पुस्तक मिटलं. पायऱ्या उतरून खाली आले, पहिल्या बाकाच्या टोकाला बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या दिवशी गीत झालं नाही आणि प्रवचनही झालं नाही. तासभर सगळी मंडळी नुसती बसून होती. मी आयुष्यात अनेक चर्चमध्ये गेले, पण एवढी खरी उपासना मी पुन्हा पाहिली नाही.

पप्पा त्या दिवशी फाटकाशी गेले नाहीत. ते काकांच्या शेजारी जाऊन बसले होते.

सोमवारी सकाळी आईनं शास्त्र उघडलं. काही न सांगता, एखादी खिडकी उघडावी तसं. तिनं पान वाचलं आणि पेन्सिलीनं समासात प्रश्नचिन्ह काढलं. पुढल्या वर्षांत तिनं अशी शेकडो प्रश्नचिन्हं काढली. काहींवर नंतर काट मारली, काही तशीच ठेवली. शनिवारची सतरंजी पुन्हा पसरली गेली. आता मात्र बायका आल्या की लगेच प्रार्थना सुरू होत नसे. आई म्हणायची, "हं, सांगा." आणि त्या सांगायच्या. सासूचं, नवऱ्याचं, बदलीचं, गावाकडे राहिलेल्या आईचं. काका कधीच त्या शनिवारांना आले नाहीत. पण एकदा ते काकूंना सोडायला आले आणि दारात आईला म्हणाले, "सुशीलाबाई, मलाही कधीतरी शिकवा." आई म्हणाली, "त्यात शिकवायचं काय आहे, भाऊ? यायचं. जसं असेल तसं यायचं."

शहतुताखाली बसून मला हे सगळं आठवलं. चौकीदार दोनदा डोकावून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "मैडम, बंद करने का टाइम है." मी उठले. विटांचा तुकडा किंवा झाडाचं पान, असलं काही मी सोबत घेतलं नाही. पाडायचं ते पाडा. तिथं काही पुरलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या चौदाव्या मजल्याच्या बाल्कनीत खुर्ची टाकली. समोर टॉवर, खाली एक्सप्रेस-वेचा आवाज, हवेत धूर. शास्त्र मांडीवर घेतलं. श्वास दीर्घ घेतला नाही. मन शांत केलं नाही.

"शेवटचे दोन महिने तिला माझं नाव आठवत नव्हतं," मी मोठ्यानं म्हटलं. "संजूचं आठवत होतं. मला विचारायची, बाई, तुम्ही कोण? नऊ वर्षं मी तिला सांभाळलं. तिला रोज न्हाऊ घातलं. एवढं एक नाव तिच्याजवळ ठेवलं असतंस तर तुझं काय गेलं असतं? मला उत्तर हवंय. आणि ते मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही."

बोलता बोलता माझा आवाज चढला असावा. दार सरकलं. माझी मुलगी नेहा, चोवीस वर्षांची, केस विस्कटलेले, हातात कॉफीचा मग. आजीच्याच खोलीत झोपायची ती, शाळेत असल्यापासून. आजी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली होती आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

"मम्मी, कॉलवर आहेस का? सकाळी सकाळी कुणावर चिडतेयस?"

"बस इथं. माझं झालं की तुझा नंबर."

"माझं काय?"

"आजीचं."

ती उभीच राहिली. मग तिनं कॉफी जमिनीवर ठेवली, भिंतीला टेकून बसली आणि गुडघे पोटाशी घेतले.

"मला नीट मराठीत नाही जमणार," ती म्हणाली.

"हिंदीत भांड. त्याला चालतं."

खाली कुणाची तरी गाडी मागं घेताना पीं-पीं करत होती. तो आवाज थांबला. मग तिनं समोरच्या टॉवरच्या वर, जिथं थोडंसं आभाळ दिसत होतं, तिकडे पाहिलं.

"यार," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला, "ये कोई बात हुई?"

मी पुस्तकावरचा हात हलवला नाही. तिला वेळ लागणार होता.